ऑनलाइन पोलवरून कुणाची हवा आहे ते खरंच कळतं का?

बाल्कनीतून (सोमवार, रात्री ९:५२)

मंडळी, साधा प्रश्न आहे, राडा करू नका. आमच्या भागात एक नागरिक मंच आहे, दहाबारा रिकामटेकडे (त्यात मी पण). येत्या महापालिकेच्या आधी गूगल फॉर्म फिरवून कुठल्या पक्षाला किती पाठिंबा आहे ते काढायचं असं मागच्या मीटिंगला ठरलं, आणि चहा संपता संपता ते काम माझ्या गळ्यात पडलं.

माझा अनुभव असा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेआधी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल झाला होता. १८० फ्लॅट, १४२ मतं. संपादक मंडळ पक्षांची नावं घेतली की धागा वाचनमात्र करतं म्हणून मी मिसळ पक्ष आणि भेळ पक्ष म्हणतो. मिसळ १०४, भेळ २७, बाकी ११. म्हणजे मिसळ ७३ टक्के. निकाल लागला तर आमच्याकडे मिसळच निवडून आली. मग सेक्रेटरी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते, आपली सोसायटी म्हणजे पुण्याचा आरसा वगैरे.

तर असा पोल घेण्यात अर्थ आहे का? असेल तर कसा घ्यावा? सोसायटी कुठली ते विचारू नका, सेक्रेटरी इथे असायचे.

चहा_बिस्कीट (रात्री ९:५८)

मी भेळ पक्ष. कांदा जास्त.

संपादक मंडळ (रात्री १०:०५)

नावं न घेतल्याबद्दल आभार. असंच चालू द्या.

खडकवासला_एक्सप्रेस (रात्री १०:११)

मी धायरीला राहतो. २०२४ च्या लोकसभेला 'पुण्याचा खासदार कोण होणार' असे पन्नास पोल आले असतील, मी हौसेनं प्रत्येकात मत टाकलं. नंतर बायको म्हणाली अहो आपण पुण्यात कुठे, आपलं मत बारामतीला. खडकवासला विधानसभा बारामती लोकसभेत येते हो. हडपसरवाले शिरूरला, वाकडवाले मावळला. पत्ता पुणे, पाणी (आलं तर) पुणे, ट्रॅफिक पुणे, पण पुणे लोकसभा म्हणजे फक्त वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, कॅन्टोन्मेंट आणि कसबा. त्या पोलमध्ये माझ्यासारखे किती घुसले असतील देव जाणे.

लातूरकर_वाकडमध्ये (रात्री १०:२०)

+१ आणि माझी तर अजूनच गंमत. वाकडला भाड्यानं राहतो, मत लातूरला. इथल्या सोसायटीच्या पोलमध्ये मत दिलं कारण सगळे देत होते, न दिलं तर हा कुठला असं वाटायला नको. प्रत्यक्षात २० नोव्हेंबरला बुधवारची सुट्टी होती पण गुरुवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, गावाला गेलोच नाही. म्हणजे पोलमध्ये आहे आणि पेटीत कुठेच नाही असा मी मतदार. आमच्या विंगमध्ये असे निम्मे असतील.

पेठेतली_सून (रात्री १०:३४)

व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं हे कुणी बोललंच नाही अजून. आमच्या फॅमिली ग्रुपवर सासरेबुवांनी पोल टाकला, सगळ्यात आधी स्वतः मत दिलं, आणि मग सात मिनिटांत बारा जणांनी तिथेच टिचक्या मारल्या. मी पण. खऱ्या मशीनवर काय दाबलं ते मी आणि ते बटण.

कसबा २०२३ आठवतं ना? फेब्रुवारीतली पोटनिवडणूक. २८ वर्षं एकाच पक्षाकडे असलेली जागा, आमच्या वाड्यातल्या ग्रुपवर 'काही होत नाही हो' असंच सगळे म्हणत होते. २ मार्चला जवळपास ११ हजारांनी उलटी झाली. आणि पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ ला परत सुलटी. ग्रुपवरचं बोलणं दोन्ही वेळेला सेम होतं!!

चहा_बिस्कीट (रात्री १०:३६)

सासरेबुवा या साइटवर आहेत का? मित्रासाठी विचारतोय.

पेठेतली_सून (रात्री १०:३७)

असतील तर मिसळ पक्षाचा विजय असो.

प्रमाण_विचलन (रात्री ११:१५)

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते म्हणून थोडं बोलते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

१४२ मतं म्हणजे कमी, असं इथे कुणीतरी म्हणणार, त्याआधीच सांगते की अडचण आकड्याची नाही. ढोबळ हिशोब असा की १ भागिले नमुन्याचं वर्गमूळ. १४२ ला चूक साधारण अधिक-उणे ८ टक्के, हजार लोकांना ३ टक्के. पण हे गणित फक्त चिठ्ठ्या टाकून, म्हणजे प्रत्येक मतदाराला निवडलं जाण्याची सारखी संधी देऊन माणसं घेतली तरच लागू. ग्रुपवर ज्याला हौस त्यानं बोट लावलं, तिथे हे सूत्र वापरायचंच नाही. टीव्हीवाले खाली बारीक अक्षरात छापतात म्हणून ते खरं होत नाही.

अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं जवळपास १ कोटी लोकांना कार्डं पाठवली. पत्ते कुठून, तर टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदी. मंदीचा काळ, फोन आणि मोटार कुणाकडे असणार सांगा. २३-२४ लाख उत्तरं आली, आणि त्यावरून रूझवेल्टच्या विरोधातले लँडन जिंकणार म्हणाले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. त्याच वेळी गॅलप नावाच्या पोलवाल्यांनी पन्नासेक हजार लोकांना विचारून रूझवेल्ट सांगितलं होतं. शिवाय त्या साप्ताहिकाच्या बाबतीत नुसती यादी चुकली नव्हती, कार्ड परत पाठवायचे कष्ट कोण घेतं हा पण भाग होता. चिडलेला माणूस पोस्टात जातो. तुमच्या ग्रुपवर पण तेच, ज्याला तळमळ आहे तोच बटण दाबतो.

आबा_जुनेजाणते (मंगळवार, सकाळी ६:१०)

सुप्रभात. एवढं वर्गमूळ कशाला काढायचं. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्या आज्या सांगून गेल्या आहेत. मी ३५ वर्षं एका पक्षाचं बूथचं टेबल सांभाळलं आहे (पक्ष सांगत नाही, मिसळ भेळ दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या आहेत). यादीवर पेन्सिलनं खुणा करायच्या, आपला, त्यांचा, काठावरचा. दुपारी ३ वाजता कुणाच्या नावावर खूण झाली नाही ते बघायचं आणि रिक्षा पाठवायची. शंभर घरं फिरलं की मला कळतं. तुमचा गूगल फॉर्म भरणारा मतदानाला उतरतो का ते तुम्हाला कुठे माहीत?

निवृत्त_नलू (सकाळी ८:४०)

आबा, शितावरून भाताची परीक्षा बरोबर, पण ती एका पातेल्यात. आता कुकर असतो. वरच्या डब्यात भात, खालच्या डब्यात डाळ. वरचं शीत दाबून खालची तूरडाळ शिजली का ते कळत नाही, मी चाळीस वर्षं दोन्ही डबे उघडतेय. यांच्या सोसायटीचा ग्रुप म्हणजे वरचा डबा.

चहा_बिस्कीट (सकाळी ८:४४)

नलूमावशी __/\__ धागा इथेच संपवा.

प्रमाण_विचलन (सकाळी ९:०५)

मावशी, हे मी उद्या वर्गात वापरणार आहे. तुमच्या नावानिशी.

टपरीवरचा (सकाळी ११:३०)

आता घरोघरी जाणाऱ्यांची पण थोडी हवा काढतो. २०१९ ला एका एजन्सीसाठी (नाव नको) महिनाभर सर्व्हे केला. टॅबलेट दिला होता, फॉर्ममागे पैसे. टॅबमध्ये जीपीएस, शिवाय मधेच आवाज रेकॉर्ड व्हायचा, म्हणजे आम्ही चीटिंग करू नये. कोटा असायचा, आज अमुक पुरुष, अमुक महिला, वयाप्रमाणे. संध्याकाळी साडेसातला चार फॉर्म शिल्लक, चारही '४० वर्षांवरील महिला'. भर उन्हात फिरून पायाचे तुकडे पडलेले. मग ज्या वस्तीत सँपल होतं तिथल्याच टपरीवर बसलो, जीपीएस खूश. माझा पार्टनर बारीक आवाज काढून उत्तरं द्यायचा, 'हो दादा, रेशन मिळतंय दादा'. तिसऱ्या बाईला टपरीवाल्यानं पण हातभार लावला. चौथी खोकतच होती कारण पार्टनरचा घसा बसला.

तर त्या चार बाया महाराष्ट्राच्या कुठल्यातरी अंदाजात आहेत. ऑनलाइनला निदान माणूस स्वतः तरी भरतो.

पेठेतली_सून (सकाळी ११:४१)

हसून हसून पुरेवाट. चौथ्या बाईंना काढा पाठवा.

प्रमाण_विचलन (दुपारी १:२०)

@टपरीवरचा, हसू आलं आणि रडूही. पण ऑनलाइनला माणूस स्वतः भरतो हे गृहीत धरू नका. प्यू नावाची अमेरिकन संस्था आहे, त्यांनी असल्या 'या आणि भरा' छापाच्या ऑनलाइन सर्व्हेत मुद्दाम एक प्रश्न घातला, तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी हो म्हणून सांगितलं. कूपन मिळवायला लोक डोळे मिटून हो हो दाबत जातात, आणि तसल्या उत्तरांतून मग 'तरुणांचा कल' निघतो.

खडकवासला_एक्सप्रेस (दुपारी १:२६)

आमच्या धरणात एक पाणबुडी लावायला परवानगी मिळेल का? परवाना आहे माझ्याकडे.

डेटा_वडा (दुपारी २:०२)

सगळे ऑनलाइनच्या मागे हात धुवून लागलेत म्हणून उलटी बाजू मांडतो. २०१२ च्या अमेरिकन निवडणुकीत काही संशोधकांनी एक्सबॉक्सवर, हो गेम खेळायच्या डब्यावर, रोज पोल घेतला. साधारण साडेतीन लाख लोक, त्यात ९३ टक्के पुरुष आणि ६५ टक्के तिशीच्या आतले. याच्याइतका वाकडा नमुना शोधून सापडणार नाही, तुमच्या वरच्या डब्यापेक्षा वाकडा. पण प्रत्येकाचं वय, लिंग, शिक्षण, राज्य, मागच्या वेळी कुणाला मत दिलं हे सगळं विचारलेलं होतं, त्यावरून प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या संख्येइतकं वजन दिलं आणि अंदाज नेहमीच्या चांगल्या पोल्सच्या तोडीचा आला. तेव्हा ऑनलाइन म्हणजे कचरा असं सरसकट म्हणू नका. कच्चा आकडा कचरा, भाजून घेतला तर खाता येतो.

प्रमाण_विचलन (दुपारी २:४८)

सहमत, पण दोन अटी. एक, वजन द्यायला त्या गटात पुरेशी माणसं लागतात. २०१६ ला अमेरिकेत एका ऑनलाइन पॅनेलमध्ये (म्हणजे त्याच त्याच लोकांना पुन्हा पुन्हा विचारायचं) इलिनॉयमधला एक १९ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा होता, तसे तरुण पॅनेलात कमी होते म्हणून त्याला सरासरीच्या ३० पट वजन मिळालं. तो ट्रंपच्या बाजूचा. तो त्या आठवड्यात उत्तर देतो की नाही यावर अख्ख्या पोलचा आकडा हलायचा!

दुसरी अट म्हणजे मुळात खरी संख्या माहीत हवी. आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची झालीच नाही. जातवार पूर्ण मोजणीचे आकडे हवे असतील तर १९३१ मध्ये जा. त्यात पुण्याच्या हद्दीत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३. २०११ च्या कागदावर ती ग्रामपंचायती आहेत, आज तिथे बावीस मजली टॉवर. वजन कशाच्या प्रमाणात देणार, डेटा_वडा?

डेटा_वडा (दुपारी २:५५)

हा मुद्दा मान्य. वडा परत तेलात.

आबा_जुनेजाणते (दुपारी ४:३०)

शिवाय टक्के आणि जागा यांचा मेळ नसतो. इथे नावं घ्यावीच लागतील, आकडे सार्वजनिक आहेत. २०२४ लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांना साधारण ४३-४४ टक्के मतं, जवळपास सारखी. जागा मविआ ३०, महायुती १७, एक अपक्ष. आणि सहा महिन्यांत विधानसभेला महायुती २८८ पैकी २३० च्या घरात. तुमच्या पोलनं टक्के अगदी बरोबर सांगितले तरी जागा कशा सांगणार.

आणि महापालिकेत तर चार-चारचा प्रभाग. २०१७ ला मी चार बटणं दाबली, तीन एका पक्षाला आणि एक दुसऱ्याला कारण तो पोरगा आमच्या गल्लीतला, रात्री बाराला पण ड्रेनेजला माणूस पाठवायचा. आता मी कुठल्या पक्षाचा? तुमच्या फॉर्मवर गोल एकच.

संपादक मंडळ (दुपारी ४:५१)

आबा, यावेळी सोडून देतो.

लातूरकर_वाकडमध्ये (दुपारी ५:१०)

अवांतर: ड्रेनेजला रात्री बाराला माणूस पाठवणारा नगरसेवक कुठे मिळतो? घर शिफ्ट करतो.

बाल्कनीतून (बुधवार, रात्री ११:३५)

धागाकर्ता हजर. तुमच्या नादानं काल आणि आज दोन रात्री एक उद्योग केला.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर फॉर्म २० असतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते छापलेलं असतं. स्कॅन केलेली पीडीएफ, अर्धी पानं आडवी, मान वाकडी करून वाचली. आमचं केंद्र सापडलं. झालेलं मतदान ५८८. मिसळ ३३१, भेळ २१९, बाकी ३८. म्हणजे मिसळ ५६ टक्के. आमच्या ग्रुपवर ७३! जिंकणारा बरोबर सांगितला म्हणून सेक्रेटरींनी पेढे वाटले होते, पण १७ टक्क्यांनी हुकलेला पोल होता तो. उत्तर बरोबर आणि गणित चूक, शाळेत असतं तर अर्धे मार्क.

मग मतदार यादीचा तो भाग काढून ग्रुपवरची १४२ नावं त्यात शोधली. ६१ सापडली. एकसष्ट! बाकीचे ८१ कोण, तर भाडेकरू, दुसरीकडे नाव असलेले, नाव कधी नोंदवलंच नाही असे, आणि तीन जण तर अमेरिकेत आहेत, आई-वडील इथे राहतात म्हणून ग्रुपवर. आमच्या विंगच्या जोशीकाकांचा मुलगा न्यू जर्सीतून मिसळ पक्षाला मत देऊन गेलाय.

उलट यादीत काय सापडलं तर सोसायटीच्या मागची वस्ती. केंद्र एकच, महापालिकेची शाळा. यादीत ती घरं आमच्यापेक्षा जास्त आहेत. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी, त्यांचा मुलगा, रात्रीचा वॉचमन, सगळे एकाच यादीत माझ्या मागेपुढे. मी त्यांना रोज बघतो आणि 'आपल्या केंद्रावरचे मतदार' म्हणून कधी डोक्यातच आले नाहीत. नलूमावशी, खालचा डबा सापडला.

तर मूळ प्रश्न तसाच आहे, मंचाच्या फॉर्मचं मी काय करू?

निवृत्त_नलू (गुरुवार, सकाळी ७:१५)

शाब्बास. फॉर्म नका करू.

प्रमाण_विचलन (सकाळी ८:५०)

दोन रात्री यादी वाचलीत तेव्हाच निम्मं काम झालं. तोच यादीभाग घ्या, साधारण १२०० नावं असतील. एक ते वीसमधला एक आकडा चिठ्ठीनं काढा, सात आला तर सातवं नाव, सत्ताविसावं, सत्तेचाळिसावं, असं वीसवीसनं पुढे. ६० नावं होतील. त्याच माणसाकडे जायचं, शेजारचा मोकळा आहे म्हणून त्याला विचारायचं नाही. घरी नसेल तर परत जायचं, दोनदा, तीनदा. उत्तर तोंडी घ्यायचं नाही, कागदावर चिन्हं छापून न्या आणि झाकणाला फट पाडलेल्या डब्यात टाकायला सांगा. निवडणुकांचे सर्व्हे करणारे लोकनीती-सीएसडीएसवाले वर्षानुवर्षं नकली मतपत्रिका आणि पेटी घेऊनच फिरतात, सासरेबुवा शेजारी बसलेले असले तरी सून निवांत खूण करते. चार-चारचा प्रभाग असेल तर चार कागद.

डेटा_वडा (सकाळी ९:१२)

६० म्हणजे अधिक-उणे १३ टक्के. एवढं फिरून काय कळणार?

प्रमाण_विचलन (सकाळी ९:२०)

काठावरची लढत असेल तर काही कळणार नाही. मीटिंगमध्ये तसंच सांगायचं.

टपरीवरचा (सकाळी ९:३१)

बाल्कनीभाऊ, साडेसातनंतर टपरीवर बसू नका एवढंच.

बाल्कनीतून (दोन रविवारांनंतर, रात्री १०:१८)

धागा वर काढतोय. केलं.

६० पैकी ९ जण दिलेल्या पत्त्यावर राहतच नाहीत. दोघे वारलेत, त्यातल्या एका आजोबांच्या घरी गेलो तर आजी म्हणाल्या 'ते जाऊन सहा वर्षं झाली, पण चिठ्ठी दर वेळी येते हो त्यांच्या नावाची', आणि मग पाऊण तास बसवून घेतलं. ११ जण तीन फेऱ्या मारूनही भेटले नाहीत किंवा नको म्हणाले, आणि हे सगळे च्या सगळे आमच्या सोसायटीतले! दारातल्या कॅमेऱ्यातूनच बोलतात. वस्तीत एकानंही दार लावलं नाही, फक्त तुम्ही कुठल्या पक्षाचे हे प्रत्येकानं विचारलं, आणि कुठल्याच नाही म्हटल्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. राहिले ३८.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, फट पाडताना बोट कापलं. एका आजीबाईंनी चिठ्ठी टाकली आणि झाकण उघडून आत बिस्किट आहे का बघितलं.

आज डबा उघडला. ३८ माणसं, ३९ कागद.

चहा_बिस्कीट (रात्री १०:२०)

बोगस मतदान!!! फेरमतदान घ्या!

आबा_जुनेजाणते (रात्री १०:२६)

आजीबाईंवर संशय आहे माझा. त्या माझ्या यादीत काठावरच्या असणार.

पेठेतली_सून (रात्री १०:३१)

अहो पण जिंकलं कोण??

बाल्कनीतून (रात्री १०:४४)

आधी मंचाच्या मीटिंगमध्ये सांगणार, मग इथे. ३९ वा कागद कुठला ते ठरत नाही म्हणून दोन्ही पक्षांत एकाचाच फरक आहे एवढं फक्त सांगतो. फेरमतदान होणार नाही, डबा बायकोनं चकल्यांसाठी परत मागितलाय आणि त्याच्या झाकणाला फट का आहे ते मला आधी तिला समजावायचंय.